सोडलेलं दूध

तन्मयला लहानपणी काय झालं होतं असं कुणी विचारलं, की मी 'अशक्तपणा होता' म्हणते आणि चहा टाकायला उठते. माहेरी हेच सांगितलं, त्याच्या शाळेत बाईंना हेच सांगितलं. खरं उत्तर इतकी वर्षं फक्त एका डॉक्टरला ठाऊक होतं. आता लिहून टाकते आहे. यात औषधपाण्याची माहिती थोडीच आहे. ती कुठल्याही दवाखान्यात मिळेल. डॉक्टरने समोर बसवून सरळ प्रश्न विचारला असताना आई खोटं का बोलते, आणि त्या खोट्यापायी कुणाकुणाला काय सोसावं लागतं, ते मात्र तिथे मिळणार नाही. म्हणून लिहिते.

जीवनसत्त्वं मी शाळेत पाठ केली होती. 'अ' म्हणजे डोळे, 'क' म्हणजे हिरड्या, 'ड' म्हणजे हाडं. परीक्षेत जोड्या लावायला यायच्या, मी कधी चुकले नाही. 'ब'च्या कुटुंबात एक बारा नंबरचंही असतं, हे तेव्हाच्या पुस्तकात होतं की नाही, आठवत नाही. असलं तरी माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं.

काय सोडायचं

माझं माहेर ओझरचं. वडील विमानाच्या कारखान्यात. लग्न होऊन मी नाशकात आले, सातपूरजवळच्या दोन खोल्यांत. आमचे हे औद्योगिक वसाहतीत प्लेटिंगच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. लोखंडी वस्तू रसायनाच्या टाकीत बुडवून त्यांच्यावर चकाकी चढवायची, हे त्यांचं काम. घरी यायचे तेव्हा अंगाला एक आंबट वास असायचा. मला त्याची सवय झाली होती.

लग्नाला वर्षं होत गेली. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. सासूबाई थोरल्या दिरांकडे सिन्नरला असत. त्या तोंडाने काही बोलत नसत, पण येताना दुसऱ्या कुणाच्या तरी बारशाचे पेढे घेऊन येत.

शेजारच्या शिंदेकाकूंनी एकदा मला ओट्यावर बसवून घेतलं. गवार मोडत होत्या. म्हणाल्या, "सुरेखा, देवीकडे मागायचं असेल तर आधी काहीतरी सोडावं लागतं."

मी म्हटलं, "कारलं सोडते."

"अगं, कारलं सोडून देवी फसते होय? जीव ज्यात अडकलाय ते सोड."

माझा जीव दुधात अडकलेला होता. लहानपणी पातेल्याची खरवड माझ्या ताटात पडायची. धाकटा भाऊ मला मनीमाऊ म्हणायचा. साय-साखर, दहीभात, आटवलेलं दूध. लग्नानंतरही शेवटचा भात दह्याशिवाय घशाखाली उतरायचा नाही.

मी ते सगळं सोडलं. माहेरच्या गावदेवीसमोर हात जोडून मनात म्हटलं, आई, मूल दे. ते स्वतःच्या पायांनी तुझी पायरी चढून येईल तोवर दूध, दही, ताक, तूप यातलं काहीही मी तोंडाला लावणार नाही.

काकूंनी बजावलं होतं, "हा मनातला नवस. देवी आणि तू. तिसऱ्या कानाला गेला की संपला."

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. म्हणजे ज्या जीवनसत्त्वाबद्दल मी लिहिते आहे, त्याला आमच्या स्वयंपाकघरात शिरायला एकच दार होतं. ते मी स्वतःच्या हाताने लावून घेतलं, आणि कडी लावल्याचं कुणाला सांगितलं नाही.

खोटं कसं सवयीचं होतं

पुढच्याच वर्षी मला दिवस राहिले आणि या वेळी टिकले. यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा? मी नवस आणखी घट्ट धरला.

आमचे हे रोज कामावरून येताना माझ्यासाठी दुधाची वेगळी पिशवी आणायचे. "तापवून घे हं, थंड पिऊ नको." मी तापवायची. ते आंघोळीला गेले की मोरीत ओतायची आणि वर तांब्याभर पाणी टाकायची. चहा कोरा प्यायची. कुणी विचारलं तर दुधाने मळमळतं म्हणायची. दिवस असलेल्या बाईला मळमळतं, त्यात कुणाला काय वावगं वाटणार?

जिभेची आग व्हायची, वरणात मिरचीचं बोट लागलं तरी डोळ्यांत पाणी. पायांना मुंग्या. एकदा बाजारातून येताना पायातली चप्पल निसटली, ते घरी आल्यावर समजलं. बायका म्हणाल्या, होतं असं, पोटात बाळ सगळं ओढून घेतं. मीही तेच मानलं. पोरासाठी थोडं सोसायचंच.

तन्मय झाला तेव्हा गुटगुटीत होता. दवाखान्याच्या भिंतीवर आईच्या दुधाचं चित्र लावलेलं होतं, बाळाला सहा महिने दुसरं काही देऊ नका असं खाली लिहिलेलं. मला भरपूर दूध येत होतं. मला त्याचा गर्व होता, हे कबूल करते. त्या दुधात काय नाही, हे पाहून कळत नाही. ते पांढरंच दिसतं.

हसू

तो लवकर हसायला लागला. यांच्या मोटरसायकलचा आवाज आला की पाय झाडायचा. पालथा पडायला लागला. उष्टावण झालं, पण भात तोंडात ठेवला की थुंकायचा. म्हटलं, शिकेल हळूहळू.

मग तो हसायचा थांबला.

हे एका दिवसात झालं नाही, म्हणून लक्षात आलं नाही. आधी खुळखुळ्याकडे बघेनासा झाला. पालथा पडेनासा झाला. नुसता ठेवला तिथे राहायचा. केस विरळ आणि भुरे झाले. बोटांच्या पेरांवर काळेपणा आला. मी उटणं लावून घासत बसायची, वाटायचं मळ आहे. अंगाने मात्र गोलच होता, त्यामुळे येणारे-जाणारे 'शांत आहे हो बाळ' म्हणायचे. सासूबाईंनी दृष्ट काढली. म्हणाल्या, "मिरच्यांचा ठसकासुद्धा नाही आला बघ. केवढी लागलीय पोराला!"

एकदा यांनी त्याला मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडासमोर चुटक्या वाजवल्या, आवाज काढले. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "अगं, हा माझ्याकडे बघत का नाही?"

मी म्हटलं, "झोप आली असेल."

त्या दिवसापासून मी काय केलं ते सांगते. हे सांगणं सगळ्यात अवघड आहे. मला वाटलं, नवसात माझ्याकडून काही चुकलंय. कुणाच्या घरी प्रसादाचा पेढा खाल्ला असेल, शिऱ्यात तूप असेल. मी प्रसादसुद्धा घेईनाशी झाले. मंगळवार धरला, मग शुक्रवार धरला. पोर जसजसं खाली चाललं तसतशी मी नवसाची गाठ आवळत गेले. तो पायांवर उभा राहील तेव्हा मी सुटणार होते. आणि ज्याच्या जोरावर तो उभा राहणार होता, तेच त्या गाठीत बांधून ठेवलेलं होतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं टॉनिक दिलं. त्याने शी काळी झाली, बाकी काही नाही.

यांचा संशय

यांच्या वर्कशॉपमध्ये एकाच्या नाकातला पडदा टाकीच्या वाफेने झिजला होता. ते यांच्या मनात बसलं. "माझ्या कपड्यांवरून येत असेल गं काही घरात," एकदा म्हणाले. त्यानंतर ते कामावरून आले की आधी बाहेरच्या नळावर आंघोळ करायचे, नाशकाच्या थंडीतही. कपडे बाहेरच बादलीत. पोराला हात लावायच्या आधी पुन्हा साबण. माझं मन तेव्हाच मला म्हणत होतं, आधी स्वतःकडे बघ. मी त्याला बोलू दिलं नाही.

"आई काय खाते?"

शेवटी शहरातल्या मुलांच्या एका दवाखान्यात त्याला दाखल केलं. तिथल्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी तन्मयला उलटंसुलटं करून पाहिलं, पेरं पाहिली, पापणी ओढून पाहिली. मग मला विचारलं, "आई काय खाते?"

हे शेजारीच उभे होते.

मी म्हटलं, "सगळं खाते."

"मांस-मच्छी?"

"नाही, आमच्यात चालत नाही."

"दूध घेता?"

"हो. रोज घेते."

आणि हे मध्येच बोलले, अगदी अभिमानाने, "मीच आणून देतो ना मॅडम. हिच्यासाठी वेगळी पिशवी असते."

मॅडमनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं. त्यांचं काय चुकलं? त्यांच्या हातात धागा येत होता, मी तो काढून घेतला. मग त्यांनी दुसरीकडे शोध घेतला, मेंदूचा आजार आहे का, जंतू आहेत का ते. त्यासाठी पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढावं लागतं. मला बाहेर बसवलं. मी कान लावून बसले की आता रडेल. आतून आवाज आला नाही. नर्सने त्याला बाहेर आणून माझ्या हातात दिलं तेव्हा पाठीवर पट्टी होती आणि डोळे उघडे होते, कशाकडेच न बघणारे.

ती सुई गरजेची नव्हती. ती मी टोचली.

शेजारच्या खाटेवर हरसूलकडची हिराबाई होती. तिच्या मुलीला न्यूमोनिया झाला होता आणि ती सारखी किंचाळायची. मला त्या किंचाळण्याचा हेवा वाटायचा. हिराबाईने ते ओळखलं असावं. म्हणाली, "माझं पोर लय वंगाळ रडतं, डोकं उठवतं नाय? पन ताई, रडतं ते पोर घरी जातं. तुझं बी रडंल."

मी म्हटलं, "कधी?"

"ते मला काय ठावं? मी काय डाक्टरीण हाय?" आणि हसली. तिच्याकडच्या नागलीच्या भाकरीचा तुकडा मोडून तिने माझ्या हातात ठेवला. त्या दवाखान्यात मला कुणी काही खा म्हणालं असेल तर ती एकटीच. तिच्या पोरीचं नाव विचारायचं राहून गेलं.

जीभ

मॅडम पुन्हा राउंडला आल्या तेव्हा त्यांच्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता. तन्मयच्या रक्तातल्या लाल पेशी कमी होत्याच, पण आकाराने मोठ्या होत्या. लोह कमी असलं तर त्या बारीक होतात, असं त्या बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरला सांगत होत्या. बोलता बोलता थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही जीभ दाखवा."

"मी?"

"हो, तुम्हीच."

मी जीभ बाहेर काढली. त्यांनी बॅटरी मारली. मग म्हणाल्या, "उभ्या राहा. पाय जवळ. आता डोळे मिटा."

डोळे मिटल्याबरोबर जमीन सरकली. मी पडणार तोच त्यांनी दंड धरला. त्यांनी यांना आणखी एक रिपोर्ट आणायला खालच्या मजल्यावर पाठवलं, शिकाऊ डॉक्टरला पुढच्या खाटेकडे पाठवलं, आणि तन्मयच्या खाटेवर माझ्याशेजारी बसल्या.

"तुमची जीभ काचेसारखी गुळगुळीत झाली आहे. पाय कुठे आहेत ते डोळे मिटल्यावर तुम्हाला कळत नाही. रोज दूध पिणाऱ्या बाईचं असं सहसा होत नाही. आता इथे कुणी नाही. बोला."

मी बोलले. नवस तिसऱ्या कानाला गेला.

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. हे ब-बारा झाडपाल्यात नसतं. ते सूक्ष्म जंतू तयार करतात आणि जनावरांमार्फत आपल्यापर्यंत येतं, मांसातून, अंड्यातून, नाहीतर दुधातून. लागतं अगदी कणभर. पण त्या कणावाचून रक्ताच्या पेशी नीट पिकत नाहीत आणि मज्जातंतूंवरचं आवरण नीट बनत नाही. मोठ्या माणसाच्या यकृतात त्याचा साठा असतो, तो बरीच वर्षं पुरतो. माझा आधीच तुटपुंजा असणार, तो मी संपवत आणला होता. बाळ मात्र जन्माला येतानाच रिकाम्या हातांनी आलं, आणि नंतर त्याला माझ्या दुधातूनही ते मिळालं नाही. जे आईच्या पोटात जात नाही ते तिच्या दुधात कुठून येणार?

"त्याचा मेंदू आता बनतोय," त्या म्हणाल्या. "घर बांधायला काढलंय आणि सिमेंट येत नाहीये, असं समजा."

"आता येईल का?"

"आता देऊ. आधी जे राहिलं, त्यातलं किती भरून निघेल ते मला आज सांगता येणार नाही."

मी म्हटलं, "मॅडम, यांना सांगू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून माझ्या मागे आहे. म्हणाल्या, "आजार काय आहे ते मला सांगावं लागेल. तो कशाने झाला ते तुम्ही सांगा. पण सांगा."

मी मान डोलावली.

फडफड

इंजेक्शन लाल होतं, डाळिंबाच्या पाण्यासारखं. एकाच ट्रेमधून आधी त्याला, मग मला. आणि नर्सने माझ्यासमोर दुधाचा पेला ठेवला. हे समोर होते, मी प्यायले. त्या पहिल्या घोटाबद्दल मी कधी कुणाला सांगितलं नाही. तो मला आवडला. पोर तसं पडलेलं असताना मला दुधाची चव आवडली.

दोनेक दिवसांनी तन्मयचे हात थरथरायला लागले. मग जीभ, मग मान. जागा असला की सगळं अंग हलायचं, झोपला की थांबायचं. दाखल केलं तेव्हा हे नव्हतं. मला दुसरा अर्थच सुचला नाही. मी नवस मोडला आणि देवीने माझ्या पोराला धरून हलवलं. मी पेला पुन्हा बेसिनमध्ये ओतायला लागले.

मॅडमनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "दूध बंद केलंत ना?"

"देवी कोपलीय."

"ट्यूबलाइट बघितली आहे का लागताना? आधी फडफडते. या आजारात उपचार सुरू झाल्यावर काही मुलांना असा कंप येतो. मी आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं, माझी चूक. पण आता तुम्ही दूध ओतून दिलंत तर ती तुमची."

पुन्हा म्हणाल्या, "तुमच्यासाठी नका पिऊ. औषध म्हणून प्या. कडू समजा."

मी प्यायले. खरं सांगायचं तर विश्वासाने नाही. दोन भीतींतली एक निवडली. तो थरथरत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून पीत होते.

एका दुपारी हिराबाईच्या पोरीने किंकाळी फोडली आणि तन्मय दचकून रडला. थरथरत्या आवाजात, तुटक तुटक, पण रडला. हिराबाई ओरडली, "घ्या! आता दोन दोन भोंगे!" पूर्ण वॉर्ड हसला. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

कंप जायला बरेच आठवडे लागले. तो हसला त्याआधीच, पंख्याकडे बघून. माझ्याकडे बघून हसायला आणखी वेळ घेतला. घेऊ दे, मला वाटलं.

"हिलाच कसं?"

मॅडमनी यांना सांगितलं, की आईच्या अंगात ब-बारा कमी होतं, म्हणून बाळाला मिळालं नाही. शाकाहारी घरांत असं होऊ शकतं. यांनी ऐकून घेतलं. घरी येताना रिक्षात म्हणाले, "आपल्याकडे सगळेच शाकाहारी. वहिनींची पोरं धडधाकट आहेत. हिलाच कसं?" मी तिथेच बसलेली असून 'हिलाच' म्हणाले, जणू स्वतःशीच बोलत होते.

सांगायची वेळ ती होती.

मी बाहेर बघत राहिले. आणि यांनी स्वतःच उत्तर शोधलं. टाकीची वाफ. ती कपड्यांवरून घरात आली, हिच्या अंगात गेली, आणि हिच्या अंगात जीवनसत्त्व टिकेना. एवढं पक्कं ठरवलं, की तन्मय बसायला लागायच्या आत त्यांनी प्लेटिंगचं काम सोडलं आणि एका गोदामावर वॉचमन झाले. हातात कला असलेला माणूस दाराशी काठी घेऊन उभा राहिला. ते काम सुटलं ते त्यांच्या छातीसाठी बरंच झालं, असं मी स्वतःला समजावत आले. ते खरंही असेल. पण मी त्यासाठी गप्प बसले नव्हते.

तन्मय उशिरा चालला, उशिरा बोलला. आज बघणाऱ्याला काही कळणार नाही. हात स्थिर आहेत, सायकल भन्नाट चालवतो. पण विचारलेल्या गोष्टीचं उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो, आणि आकडे त्याच्या हातातून निसटतात. हे त्या महिन्यांमुळे की तो असाच असता? कुणी सांगू शकत नाही. मुलं गणितात अशीही कच्ची असतात, असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्या वाक्यात मला आसरा मिळत नाही. तो दुकानात सुट्टे मोजताना ओठ हलवतो, तेव्हा मला दवाखान्यातले ते उघडे डोळे दिसतात.

गेल्या उन्हाळ्यात

तो दहावीला गणितात नापास झाला. निकाल लागला त्या दिवशी दुपारी हे त्याला जवळ घेऊन बसले होते. मी ओट्याशी होते. ऐकू आलं, "तुझी चूक नाही रे बाळा. तू तान्हा होतास तेव्हा मी घरात विष आणलं. माझ्यामुळे झालं हे तुला."

पोराने बापाकडे पाहिलं आणि म्हणाला, "असू दे, बाबा."

त्याने बापाला माफ केलं होतं. जे बापाने केलंच नव्हतं, त्यासाठी. मी गॅस बंद केला, बाहेर आले, आणि यांना म्हटलं, "तुम्ही काही आणलं नव्हतं. मी दूध पीत नव्हते."

सगळं सांगितलं. काकूंच्या ओट्यापासून. तन्मय समोरच होता. त्याला आत जा म्हणायचं मला सुचलं नाही, आणि तो गेला नाही.

हे बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत होते. मग विचारलं, "डॉक्टरला सांगितलंस?"

"हो."

"कधी?"

"दवाखान्यातच. तुम्ही रिपोर्ट आणायला गेला होतात तेव्हा."

"परक्या बाईला सांगितलंस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी खाली रांगेत उभा होतो."

ते उठून पायात चपला सरकवून बाहेर गेले. फाटक वाजलं नाही, म्हणजे अंगणातच होते.

हे वाचणाऱ्या बाईला मला एवढंच म्हणायचं आहे, की डॉक्टरने काय खाता असं विचारलं तर काय खात नाही तेही सांगा. उपास, नेम, नवस, सगळं. आणि फक्त डॉक्टरलाच सांगून थांबू नका. इंजेक्शनने मुंग्या गेल्या, जीभ सुधारली. बाकीचं माझ्या अंगात राहिलं.

मी तन्मयशेजारी बसले. तो जमिनीवरच्या फरशीकडे बघत होता, ओठ हलत होते. मला वाटलं तो रडतोय. तो मांडणी करत होता.

"म्हणजे मी चालत नव्हतो, म्हणून तू दूध पीत नव्हतीस."

"हो."

त्याने फरशीच्या एका चौकोनावरचं बोट दुसऱ्यावर नेलं.

"आणि तू पीत नव्हतीस, म्हणून मी चालत नव्हतो."

"हो रे."

बाहेर अंगणात चपलांचा आवाज थांबला होता. हे दाराच्या अलीकडे की पलीकडे उभे होते, मला दिसत नव्हतं. तन्मयने आणखी वेळ घेतला. मग मान वर केली आणि मला विचारलं, अगदी सरळ, वर्गात न समजलेलं विचारावं तसं,

"मग आपल्यात पहिल्यांदा कुणी उठायचं होतं?"

"मी," मी म्हटलं. दाराकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं.